बर्फावरची गाडी कशानं तापली

नवी पोरं वर्गात येऊन बसली की पहिल्या तासाला सर एकच प्रश्न विचारायचे. "बाहेर उणे वीस आहे. चहूबाजूंनी बर्फ. तुमच्या दोस्ताची बर्फावर चालणारी गाडी तापली. काय कराल?"

आता हा प्रश्न विचारायचा कुठे, तर लोणखेड्यात. वर पत्रा, पंखा गरम हवा खाली लोटतोय, पोरांचे शर्ट पाठीला चिकटलेले. निम्म्या पोरांनी बर्फ पाहिलेला तो शहाद्याच्या स्टँडवरच्या गोळेवाल्याकडे. एखादं धीट पोरगं उठून म्हणायचं, "सर, इंजिनवर बर्फ टाकू." सर फळ्यावर इंजिनाचा चौकोन काढायचे, त्यावरून खडूची एक वाकडी रेघ ओढायचे आणि शांतपणे म्हणायचे, "तडकलं. दोस्त आता पायी जाणार. पुढचा." पुढचा म्हणायचा, झाकण उघडून पाणी बघू. "हात भाजला. दोस्त पायी जाणार. पुढचा."

मी शेजारच्या खोलीत गणित शिकवते. मधली भिंत प्लायवुडची, त्यामुळे माझ्या अपूर्णांकांत दर वर्षी हा दोस्त पायी निघायचा. मला राग यायचा. डिझेल मेकॅनिकचा कोर्स, पोरं उद्या जाऊन ट्रॅक्टर नाहीतर जीप दुरुस्त करणार, आणि हा माणूस त्यांना हिमालयात हिंडवतोय. स्टाफरूममध्ये आम्ही त्यांना मागून 'बर्फवाले' म्हणायचो. त्यांना ते माहीत होतं आणि त्यांचं काही म्हणणं नव्हतं.

सर तापीकाठच्या गुजर घरातले. घरी केळी, ऊस, कापूस, सगळं व्यवस्थित. भावांनी शेती सांभाळली, हे मात्र शाळा सुटली की शहाद्याच्या गॅरेजांत जाऊन बसायचे. तिथून फौजेत मेकॅनिक म्हणून गेले, बरीच वर्षं वर बर्फात काढली आणि परत आले ते मे महिन्यात लोकरी मोजे घालणारे होऊन. खरंच सांगते, बाहेर चव्वेचाळीस आणि यांच्या सँडलमध्ये राखाडी लोकरी मोजे. कुणी हसलं तर म्हणायचे, "पाय सांभाळावेत." डोंगरातली पोरं हिवाळ्यात पहाटेच्या जीपने यायची, त्यांच्या पायांकडे बघत हे दारात उभे. ज्याच्या पायात नुसती स्लीपर दिसेल त्याच्या हातात मोज्यांची जोडी ठेवायची आणि पुढच्याचे पाय बघायचे.

बर्फावरच्या गाडीचं उत्तर पोरांना महिन्याभराने मिळायचं. खरं सांगायचं तर ते ऐकून मीही एकदा खडू खाली ठेवला होता. ती गाडी स्वतः उडवलेल्या बर्फानं थंड होते. मागे रबरी पट्टा फिरतो, भुसभुशीत बर्फ उडून खालच्या नळ्यांवर बसतो, नळ्यांतलं पाणी गार होऊन इंजिनात जातं. पण खाली दगडासारखा कडक बर्फ लागला की उडायला काही उरत नाही. म्हणजे चहूबाजूंनी बर्फ आणि मधोमध गाडी उकळतेय. "म्हणून आधी इंजिनाकडे जायचं नाही," सर सांगायचे. "आधी चालवणाऱ्याला विचारायचं. कुठून आलास, खाली मऊ होतं की कडक, किती वेळ झाला. मग बसायचं. गार होईपर्यंत झाकनले हात नही. मग पाणी बघा, मग नळीत हवा अडकली का ते बघा. आणि सगळ्यात शेवटी वॉल."

या वॉलपायी सरांनी अख्ख्या शहाद्यातल्या गॅरेजवाल्यांशी वैर घेतलं होतं. थर्मोस्टॅट वॉल म्हणजे लिंबाएवढी एक झडप. इंजिन गार असताना ती बंद राहते, बाहेरचं थंड पाणी आत येऊ देत नाही. इंजिन पुरेसं गरम झालं की आपोआप उघडते. आमच्याकडच्या उन्हाला ही झडप म्हणजे फालतू लाड. गाडी तापली की आमचा कुठलाही मेकॅनिक पहिलं काम करतो ते हा वॉल उपटून फेकण्याचं. गाडी थंड चालते, गिऱ्हाईक खूश. सर रविवारी पिशवी घेऊन गॅरेजा-गॅरेजांतून फिरायचे आणि हे फेकलेले वॉल गोळा करायचे. नवा माणूस त्यांना भंगारवाला समजायचा. मग वर्गात स्टोव्हवर पातेलं ठेवून ते वॉल एकेक करून उकळायचे. झडप उघडली की पोरं टाळ्या वाजवायची. "हा चांगला होता," सर म्हणायचे, "हा उगाच काढला." असं ते दर वेळी म्हणायचे आणि दर वेळी त्यांचं तोंड उतरायचं. मला वाटायचं, झडपेसाठी कुणाचं तोंड उतरतं का. या माणसाचं उतरायचं खरं.

एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, अभ्यासक्रमात बर्फ कुठे आहे? सर म्हणाले, "साहेब, अभ्यासक्रमात इंजिन तापणे आहे. कुठे तापलं ते लिहिलेलं नाही." साहेब चहा पिऊन गेले.

आणि तो अर्धा तास. सरांचा सगळ्यावर एकच इलाज, अर्धा तास. चहासुद्धा कपात अर्धा तास ठेवून थंडगार करून प्यायचे. मी एकदा प्राचार्यांशी कडाक्याचं भांडून राजीनामा लिहिला होता. हे दारात आले, कागद माझ्या हातातून घेतला, घडी करून खिशात ठेवला. "अर्धा तास, मॅडम." अर्ध्या तासाने कागद परत द्यायला आले तेव्हा मी खिडकीत बसून भेळ खात होते. त्या गोष्टीला आठ वर्षं झाली. मी अजून तिथेच अपूर्णांक शिकवतेय.

असा हा माणूस इतरांना थांबवून थांबवून बोलायला लावायचा, पण स्वतः कशापाशी थांबलाय ते मला कळलं एका मे महिन्यात, मोलगीच्या घाटात.

उन्हाळ्यात आम्ही डोंगरातल्या बाजारांना जायचो, प्रवेशाची जाहिरात करायला. मोलगीचा आठवड्याचा बाजार म्हणजे भोवतालच्या पाड्यांवरची माणसं चालत, जीपने, मिळेल तसं येणार. तिथे पत्रकं वाटायची, आईबापांशी बोलायचं. त्या वर्षी मी आणि सर निघालो. सर दर वर्षी हट्टाने मोलगीच मागून घ्यायचे. तिथून पुढे एका पाड्यावर त्यांचा फौजेतला दोस्त राहायचा, जामसिंग नावाचा. त्याच्यासाठी मोज्यांचं गाठोडं घेऊन ते जायचे, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

संस्थेची जुनी जीप, नवा ड्रायव्हर. बिचाऱ्याला लागून दोनच महिने झालेले आणि त्यात एकदा फाटक घासल्याबद्दल प्राचार्यांनी त्याला शेवटची ताकीद दिलेली. अक्कलकुवा मागे टाकून घाट चढायला लागलो आणि तापमानाचा काटा वर वर सरकू लागला. तिसऱ्या-चौथ्या वळणावर बॉनेटमधून वाफ. ड्रायव्हर बाटली घेऊन उडी मारून धावला.

"हात नही," सर आतूनच म्हणाले. "बठ आठे."

आम्ही तिघं रस्त्याच्या कडेला बसलो. सागाला पान नव्हतं, सावली म्हणून होती ती जीपचीच. सरांनी त्यांच्या पद्धतीने विचारायला सुरुवात केली. कोणत्या गिअरवर होतास, पाणी सकाळी बघितलं होतंस का. ड्रायव्हरचा चेहरा पडलेला. "मन्हीच चूक व्हई, सर," तो म्हणाला. "घाटमा तिसऱ्यावर ताणी मी गाडी. साहेबांना कळलं तर घरी बसवतील मला."

आणि तेवढ्यात माझं लक्ष जीपच्या पुढच्या बाजूला गेलं. समोरच्या जाळीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सुतळीने घट्ट आवळून बांधलेला आमचा फ्लेक्स. 'प्रवेश सुरू'. हातात पाना घेतलेला हसरा मुलगा. बाजूला लावला तर कुणी वाचत नाही, समोरच लावा, असा हट्ट माझा होता. सकाळी सुतळीच्या गाठी मीच मारल्या होत्या. रेडिएटरला वाराच लागत नव्हता. सपाटीवर निभावलं, घाटात गाडी उकळली.

मला कळलं आणि मी गप्प बसले. हे लिहिताना अजून लाज वाटते. मनात काय काय चाललं होतं? स्टाफरूममध्ये हसतील. एवढं बर्फवाले बर्फवाले करत होतीस, तूच जाळी झाकलीस. ड्रायव्हरला काय, ओरडा बसेल आणि विसरतील. मी पदराने वारा घेत डोंगराकडे बघत राहिले. सरांनी एकदा फ्लेक्सकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि जमिनीवर काडीने रेघा ओढत बसले. त्यांना पहिल्यापासून दिसलं होतं, हे मला तेव्हा समजलं.

शेवटी मलाच सहन होईना. "भाऊ, तुमची चूक नाही," मी ड्रायव्हरला म्हटलं. "फ्लेक्स मी बांधला. त्यानेच तापली गाडी. प्राचार्यांना मी सांगेन." तो उठून उभाच राहिला. आधी त्याला खरं वाटेना, मग एवढा हसला की मलाही हसू आलं. गाठी सोडायला तो धावत गेला.

सर हसले नाहीत. हातातलं घड्याळ बघत म्हणाले, "तुमले बारा मिनिटं लागनात, मॅडम. मले वीस वरीस व्हई गयात."

सर चिडले किंवा हळवे झाले की अहिराणीवर यायचे. चिडलेले दिसत नव्हते. इंजिन गार व्हायला वेळ होता, तेवढ्यात त्यांनी मला सगळं सांगितलं.

वर बर्फात एक गाडी सारखी तापायची. कडक बर्फाच्या वाटेवर तापणारच, गाडीत दोष काहीच नव्हता. पण सर तेव्हा तरुण, शहाद्याच्या गॅरेजात हात बसलेला. त्यांनी कुणाला न विचारता जे इथे सगळे करतात तेच केलं. वॉल काढून टाकला. गाडी थंड चालायला लागली, सरांना शाबासकी मिळाली. दुसऱ्या दिवशी जामसिंग ती गाडी घेऊन एकटा पुढच्या चौकीला सामान पोचवायला निघाला. त्या दिवशी वाटेवर ताजा, भुसभुशीत बर्फ. अडवायला वॉल नाही, गोठवणारं पाणी सरळ इंजिनात. बाहेरचा सिलिंडर गारठलेला, आतला पिस्टन तापून फुगलेला. चढावर तो आतल्या आत आवळून बसला आणि इंजिन जाम झालं. जामसिंग दिवसभर बर्फातून चालत परत आला. उजव्या पायाची पाचही बोटं कापावी लागली.

"गाडी ओढत आणली," सर म्हणाले. "खोलून बघायला कुणाला दिली असेल?"

मी म्हटलं, "तुम्हालाच."

"आणि मी पहिलं काम काय केलं असेल?"

त्यांनीच सांगितलं. रात्रीतून नव्हे, भर दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना त्यांनी वॉल परत जागेवर बसवला. मग साहेबांनी चौकशी केली. जामसिंगला विचारलं, इंजिन थंड असताना रेटलंस का? तो सरळ माणूस. म्हणाला, "हो साहेब, चढावर रेटलं." तेवढ्यावर कागद पुरा झाला, चालकाची चूक. सर शेजारीच उभे होते.

"त्याला वाटतं, स्वतःची बोटं त्याने स्वतः घालवली," सर म्हणाले. "दर वर्षी मी जातो. मोजे देतो, भाकरी खातो, परत येतो. दर वर्षी ठरवून जातो की आज सांगायचं."

जीप गार झाली होती. फ्लेक्स काढल्यावर उरलेल्या घाटात काटा वर सरकला नाही.

मोलगीच्या बाजारात त्या दिवशी पत्रकं मी एकटीनेच वाटली. सर गाठोडं मांडीवर घेऊन जीपमध्ये बसून होते. दुपार कलल्यावर आम्ही पाड्याकडे निघालो. रस्ता संपला तिथे ड्रायव्हर जीपपाशी थांबला आणि आम्ही दोघं चढण चालत गेलो. मी म्हटलं, "सर, मी इथेच थांबू का?" ते म्हणाले, "नको, चला. तुम्ही असलात तर मला पळता येणार नाही."

बांबूच्या कुडाचं घर, अंगण सारवलेलं. जामसिंगभाऊ खाटेवरून उठून उजव्या टाचेवर जोर देत, झुलत झुलत पुढे आले. "आओ उस्ताद," म्हणाले, "या वर्षी उशीर." त्यांच्या बायकोने पाणी दिलं. सरांनी तांब्या तसाच खाली ठेवला.

"जामसिंग, एक गोट सांगनी शे," ते म्हणाले, आणि कुठेही न थांबता सांगितली. वॉल काढल्यापासून परत बसवण्यापर्यंत. एकही गोष्ट त्यांनी मऊ करून सांगितली नाही.

जामसिंगभाऊ खाटेच्या दोरीवरून बोट फिरवत ऐकत होते. संपल्यावर त्यांनी दोनच प्रश्न विचारले. "काढला कधी? मी निघायच्या आधी?"

"आदल्या दिवशी."

"आणि बसवला?"

"तुला खाली दवाखान्यात नेलं, त्या दुपारी."

"मी साहेबाला बोललो, इंजिन मी रेटलं."

"हा, तू बोलना. मी तठेच उभा व्हतो."

जामसिंगभाऊ उठले आणि घरात गेले. आत काहीतरी हलवल्याचा आवाज आला. मला सांगायला लाज नाही, मी घाबरले. भिंतीला कुऱ्हाड टेकवलेली मी येतानाच पाहिली होती. सर मात्र जागचे हलले नाहीत. आपण मार खायला आलोय आणि तो मिळाला तर बरंच, असं काहीसं त्यांच्या बसण्यात होतं.

जामसिंगभाऊ बाहेर आले ते डोक्याला फेटा बांधून. बायकोने त्यांच्या पावरी बोलीत काही विचारलं, त्यांनी दोन शब्दांत उत्तर दिलं आणि ती एकदम आमच्याकडे बघायला लागली.

"चल," ते सरांना म्हणाले. पहिल्यांदाच उस्ताद म्हणाले नाहीत.

ते पुढे, सर मागे, त्यांच्या मागे मी. शेताच्या कडेला मोहाचं झाड होतं, त्याच्याखाली रचलेले दगड. जामसिंगभाऊ तिथे थांबले. दम लागला होता, पण बोलताना आवाज चढला नाही.

"हा बाप. चार पावसाळे झाले जाऊन. बोटं गेली त्याचं मला काही नाही, उस्ताद. टाचेवर चालतो, नांगर धरतो. पण लोक बापाला विचारायचे, पोराचा पाय कशाने गेला? बाप खाली मान घालून सांगायचा, सरकारने गाडी दिली होती, याला नीट चालवता आली नाही. मरेपर्यंत तेच सांगत होता. मला गाडी चालवता येत होती."

"तुझ्यासारखी कुणालाच येत नव्हती," सर म्हणाले.

"मग ते त्याला सांग."

सरांनी सँडल काढले, मोजे काढले आणि अनवाणी त्या तापलेल्या मातीवर उभे राहिले. दगडांकडे बघत पहिल्यापासून सगळं परत सांगायला लागले. एक वाक्य झालं की जामसिंगभाऊ हात वर करून त्यांना थांबवायचे आणि तेच वाक्य पावरीत दगडांना सांगायचे. त्यांच्या बापाला दुसरी भाषा येत नव्हती. वॉलला पावरीत शब्द नसावा, तिथे ते 'वॉल' असंच म्हणाले. मी पदर तोंडाला लावून उभी होते. रडू येत होतं आणि आवाज होऊ द्यायचा नव्हता.

शेवटी सर म्हणाले, "ती चूक मन्ही व्हती. तुन्हा पोऱ्यानी नही."

जामसिंगभाऊंनी हात वर केला, पण भाषांतर केलं नाही. "हे माझ्या तोंडून नको," ते म्हणाले. "हे तू सांग. आमच्या बोलीत." आणि त्यांनी एकेक शब्द सुटा करून सांगितला. पन्नाशी उलटलेला, हजार पोरांना शिकवलेला तो माणूस लहान मुलासारखा एकेक शब्द उचलत वाक्य बोलला. पहिल्यांदा चुकलं. जामसिंगभाऊंनी मान हलवली. दुसऱ्यांदा मधेच अडकलं. त्यांनी परत पहिल्यापासून बोलायला लावलं.

तिसऱ्यांदा बरोबर आलं. जामसिंगभाऊ सरांच्या खांद्याला धरून म्हणाले, "आता समजलं त्याला."